कालवण्यातली हयगय

पत्र दोनच परिच्छेदांचं होतं. ताईने ते उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसून पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदाही ते वाक्य होतं तिथेच होतं: "मिश्रण खात्यातील कर्मचाऱ्याने हाताने कालवण्यात हयगय केल्यामुळे ठोकळे प्रमाणापेक्षा जड झाले व दोन उपकरणे समुद्रात गमावली गेली."

"वाचून झालं असेल तर खाली सही करा," घाईसाहेब म्हणाले. "नुसती ताकीद आहे. नोकरीला धक्का नाही. मालकांशी मी स्वतः बोललोय तुमच्यासाठी."

उपकार केल्याचा तो सूर ऐकून ताईच्या कानशिलांत ठणका उठला. घाईसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वर्षापूर्वी उत्पादन व्यवस्थापक म्हणून ते आले आणि "जरा घाई करा" म्हटल्याशिवाय त्यांचं एकही वाक्य पुरं होईना, तेव्हा तिसऱ्याच दिवशी कामगारांनी त्यांना हे नाव देऊन टाकलं. आताही ते पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे धरून बसले होते.

"आणि ही सही कोणाची?" ताईने पत्राच्या तळाशी बोट ठेवून विचारलं.

विचारायची गरज नव्हती. त्या सहीखाली दोन रेघा होत्या, वरची लांब आणि खालची तोकडी. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या जागी हीच दोन रेघांची सही होत आली होती.

"तपासणी खात्याची. तुमच्या भावाचीच," घाईसाहेब म्हणाले. "आता सख्ख्या भावानेच दुजोरा दिलाय म्हटल्यावर आणखी काय बोलायचं? जरा घाई करा, मला मीटिंग आहे."

ताईने पेन घेतलं नाही. तिने पत्राची चौपदरी घडी केली आणि कामाच्या झग्याच्या खिशात घातली.

"अहो, ते इथे फायलीत राहणार आहे!"

"असू दे," ती दारातून म्हणाली. "हयगय झाली म्हणून लिहा."

हा कारखाना समुद्रात लागणारे तरंगते ठोकळे करायचा. खोल समुद्रात पाण्याचे प्रवाह आणि तापमान मोजायला उपकरणं सोडतात. खाली वजन बांधून ती तळाशी पाठवायची; काम संपलं की वजन सुटतं आणि वर बांधलेला पिवळा ठोकळा उपकरणाला घेऊन पृष्ठभागावर येतो. साधा फुगा किंवा थर्मोकोल तेवढ्या खोलीवर पाण्याच्या दाबाने चेपून जातो. म्हणून हा ठोकळा निराळ्या मालाचा असतो. चिकट इपॉक्सी रेझिन आणि त्यात कालवलेले काचेचे पोकळ मणी. मणी म्हणायचं ते आपलं म्हणायला. एकेक मणी डोळ्याला दिसणारही नाही इतका बारीक, आणि सगळे मिळून पांढरंशुभ्र पीठ. त्याचं पोतं इतकं हलकं की नवा माणूस नेहमीच्या जोराने उचलायला जातो आणि पोत्यासकट मागे कलंडतो. कारखान्यात सगळे त्याला पीठच म्हणत, आणि ते कालवणारी म्हणून हिला पिठाची ताई. बाहेरून आलेले पाहुणे हे ऐकून दोनदा तिच्याकडे नाश्ता मागायला आले होते.

एकोणीस वर्षं ती हे पीठ कालवत होती. मणी जास्त घातले तर ठोकळा हलका होतो पण ठिसूळही होतो. कमी घातले तर मजबूत, पण तरंगायला आळशी. माल पातळ असतानाच ओतला तर मणी वर चढून बसतात आणि ठोकळा वरून हलका, खालून जड निघतो. एकाच वेळी जाड थर ओतला तर आतल्या आत तापून मधोमध तडकतो. हे सगळं तिला कोणी शिकवलं नव्हतं. ठोकळे वाया घालवत आणि बोलणी खात ती शिकली होती. आणि सगळ्यांत पहिली गोष्ट ती नव्या माणसाला सांगायची ती ही, की मणी फोडायचा नाही. मण्याच्या पोटात काही नाही म्हणून तर ठोकळा तरंगतो. मणी फुटला की त्या रिकाम्या जागेत रेझिन शिरतं, आणि उरतो तो काचेचा चुरा.

आठ महिन्यांपूर्वी घाईसाहेबांनी नवं मशीन आणलं. जुन्या मशीनचं रुंद लाकडी वल्हं चाळीस मिनिटं सावकाश फिरायचं. नव्याची पोलादी पाती सहा मिनिटांत काम उरकायची. पहिल्याच दिवशी ताईने टबाला हात लावला तर टब कोमट लागला. मालाचा रंग दुधासारखा न राहता भांडी विसळलेल्या पाण्यासारखा झाला होता. आणि मुख्य म्हणजे, तोच माल, तेच माप, पण टबात तो नेहमीच्या खुणेपेक्षा चार बोटं खाली होता.

"साहेब, माल कमी भरतोय," तिने तेव्हाच सांगितलं होतं. "मणी फुटतायत. गती कमी करा."

"कडेला चिकटत असेल. नीट खरवडा," घाईसाहेब म्हणाले होते.

तिने पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. त्यानंतर सगळ्या खात्यांच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा दोघंतिघं हसले. घरी जेवताना तिने दादालाही सांगितलं होतं. तपासणी खात्याचा प्रमुख तो. वहिनी वाढत होती, दादा ताटावरून मान न उचलता म्हणाला होता, "साहेब शिकलेला माणूस आहे. त्याला कळत असेल की." तिने मनात म्हटलं, असो, ठोकळे भिंतीपलीकडे दादाकडे जातातच, जड असतील तर तो अडवेलच.

आता ती तीच भिंत ओलांडून तपासणी खात्यात शिरली तेव्हा दादा टेबलापाशी उभा होता. ती येणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने आधी दार लावून घेतलं.

"चिमे, आधी बस."

"बसत नाही. आणि चिमे म्हणू नकोस." तिने पत्र टेबलावर उलगडलं. "हे काय आहे?"

"हे बघ, डोकं शांत ठेवून ऐक. तुला नुसती ताकीद मिळणार. कागद फायलीत जाईल, पुन्हा कोणी उघडून बघणारही नाही. माझ्यावर आलं असतं तर मला घरी पाठवलं असतं. त्रेपन्न वर्षांचा झालोय मी. मला कोण ठेवणार आता?"

"तुझ्यावर कशाला येईल? तू तर एकेक ठोकळा पाण्यात लटकवून वजन करतोस."

दादाने नकळत कोपऱ्यातल्या हौदाकडे पाहिलं, आणि म्हणून तिनेही पाहिलं. हौदावर फळ्या टाकलेल्या होत्या. फळ्यांवर फायलींचे खोके रचले होते आणि खोक्यांवर धूळ बसली होती. ठोकळे टांगायचा आकडा दोरीने भिंतीच्या खिळ्याला बांधून ठेवला होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"नवं मशीन आलं तेव्हापासून. साहेब म्हणाले, एका ठोकळ्याला अर्धा अर्धा तास कशाला, छोटा नमुना तपासला की पुरे."

"आणि नमुना..." ताईचा आवाज एकदम खाली आला. "नव्या मशीनमध्ये वाटीभर माल कालवता येत नाही. नमुना मी हाताने कालवते, दादा. वाटीत. लाकडी पट्टीने."

"माहीत आहे."

एवढे दोन शब्द तो म्हणाला, आणि तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते ताईला बेचाळिसाव्या वर्षी नीट कळलं. तिच्या हाताने केलेलं जेवढं होतं तेवढंच बरोबर निघालं होतं. त्याच्याच जोरावर मशीनचा बिघडलेला माल आठ महिने पास होत होता. आणि हे सगळं ज्याला माहीत होतं त्याने लिहून दिलं होतं, की हाताने हयगय केली.

"लहानपणापासून मी तुझ्यासाठी काय नाही केलं?" दादा कळवळून म्हणाला. "ही नोकरीसुद्धा..."

"तू केलंस. सगळं केलंस. म्हणूनच सांगते, मला विचारायचं होतंस! समोर बसून म्हणायचं होतंस, माझी मान अडकलीये, तू अंगावर घे. कदाचित मी घेतलंही असतं. पण तू विचारलंसुद्धा नाहीस. माझं प्रगतिपुस्तक असल्यासारखी सही ठोकून मोकळा झालास!"

पलीकडे ठोकळे घासणारे दोघे कामगार थांबून काचेतून बघत होते. तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते पुन्हा घासायला लागले.

घरी ती स्वयंपाकघरालगतच्या आपल्या खोलीत गेली आणि जेवायला बाहेर आलीच नाही. थोड्या वेळाने वहिनी ताट घेऊन आत आली आणि पलंगाच्या कडेला टेकली.

"एवढं मनाला लावून घेऊ नका," ती समजुतीने म्हणाली. "चूक कोणाच्या हातून होत नाही? नशीब समजा, हे होते म्हणून तुम्हाला वाचवता तरी आलं."

"काय म्हणालीस?"

"यांनीच सांगितलं. तुमच्याकडून कालवताना काहीतरी चुकलं, आणि यांनी मध्ये पडून नोकरी वाचवली म्हणून."

ताई हसली. ते हसणं काही बरं नव्हतं, वहिनी दचकली. ताईने खिशातून पत्र काढून तिच्या मांडीवर ठेवलं आणि हौदावरच्या खोक्यांपासून वाटीतल्या नमुन्यापर्यंत सगळं सांगितलं, अक्षराची भर न घालता. वहिनी ऐकत राहिली. मग तिने पत्र परत दिलं, पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे आधी बरीच भांडी आपटल्याचा आवाज आला आणि मग वहिनीचा.

"तुमचं तुम्ही वाढून घ्या. भांडी कुठे असतात ते माहीत नसेल तर शोधा."

वीस वर्षांच्या संसारात दादाने ते वाक्य पहिल्यांदाच ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रवाल्या मॅडम येणार होत्या. ज्या संस्थेची दोन उपकरणं बुडाली तिथल्या त्या प्रमुख. घाईसाहेबांनी त्यांच्यासाठी अहवालाच्या रंगीत प्रती काढून ठेवल्या होत्या आणि कारखाना धुऊन घेतला होता. ताईने मात्र नेहमीसारखं काम सुरू केलं. मशीनचा पहिला टब निघाला तेव्हा तिने त्यातला पळीभर माल एका काचेच्या बरणीत काढून घेतला. दुसऱ्या बरणीत वाटीतला हाताने कालवलेला पळीभर. दोन्हींत थिनर ओतून हलक्या हाताने ढवळलं आणि दोन्ही बरण्या खिडकीत ठेवल्या. मग ती रेझिनच्या पिंपापाशी हात पुसत उभी राहिली.

अकराच्या सुमाराला घोळका आला. पुढे मालक, पांढऱ्या केसांचे, ऐकायला कमी येणारे; त्यांच्या शेजारी मॅडम, साध्या कपड्यांतल्या, पायात जाड बूट; आणि मागून घाईसाहेब, बोलत.

"...ही त्या वेळची जुनी हाताची पद्धत. त्यातच हयगय झाली. आता आम्ही सगळंच मशीनवर घेतोय, त्यामुळे पुन्हा असं..."

"मॅडम," ताई म्हणाली. "कालवणारी मीच. हयगय केली असं जिच्याबद्दल लिहिलंय ती मी. दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे?"

"अहो, पुढचा कार्यक्रम..." घाईसाहेब सुरू झाले.

"आहेत," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पाच महिन्यांच्या नोंदी तळाशी गेल्यात. दहा मिनिटांनी काही बिघडत नाही."

ताई त्यांना खिडकीपाशी घेऊन गेली. हाताच्या मालाच्या बरणीत दुधावर साय यावी तसा पांढरा जाड थर वर आला होता आणि बरणीचा तळ स्वच्छ दिसत होता. मशीनच्या मालाच्या बरणीत वर जेमतेम एक पातळ पापुद्रा होता, आणि तळाशी बोटभर करडा गाळ.

"थिनरने रेझिन सुटं होतं," ताई म्हणाली. "मग अख्खा मणी वर येतो आणि फुटलेला खाली बसतो. हे कळायला फार अक्कल लागत नाही. हा गाळ फुटलेल्या मण्यांचा. एवढं ओझं तुमच्या यंत्राला वर घेऊन यायचं होतं."

मॅडमनी ती बरणी उचलून उजेडात धरली. त्यांनी ती हलवली नाही, तिरपी केली नाही, नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या जबड्याचा एक स्नायू तेवढा हलत होता.

"हे तुम्ही आधी कोणाला सांगितलं होतं?"

"तीनदा. या साहेबांना. तिसऱ्यांदा तर भर बैठकीत."

"पण नमुने सगळे पास होते!" घाईसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "तपासणी खात्याने पास केलेत! विचारा त्यांना! मला काय स्वप्न पडणार होतं का?"

मालकांनी दादाला बोलावलं. तो येऊन दारातच उभा राहिला, आत आला नाही. त्याने दाढी केली नव्हती.

"नमुने मशीनमधल्या मालाचे होते?" मॅडमनी विचारलं.

"अर्थात मशीनमधल्याच," घाईसाहेब मध्येच म्हणाले.

उत्तर ताईलाही देता आलं असतं. ते तिच्या जिभेवर आलं होतं. पण तिने दात आवळले आणि दादाकडे पाहत राहिली. आता तरी बोल, तिला वाटत होतं. माझ्यासाठी नको, निदान एकदा खरं बोल. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"नाही," दादा म्हणाला. "हिने हाताने कालवलेले होते. मशीनचा माल आम्ही तपासलाच नाही." त्याने मान वर केली. "सही केली तेव्हाही मला ते माहीत होतं."

मालकांना नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांना पुन्हा सांगावं लागलं, आणि तेही दादालाच, मोठ्याने.

त्यानंतर बराच आरडाओरडा झाला. सगळ्यांत कमी बोलल्या त्या मॅडम, आणि सगळ्यांत झोंबलं ते त्यांचंच. त्यांनी रंगीत अहवाल घाईसाहेबांच्या हातात परत दिला आणि विचारलं, "हे लिहिण्यापूर्वी या बाईंना काही विचारलं होतं का?" घाईसाहेब त्या दिवशी प्रथमच घाई न करता उभे राहिले.

दुपारी मालकांनी ताईला खोलीत बोलावलं, तिच्यासमोर ताकीदपत्र फाडलं आणि तुकडे टोपलीत टाकले. "झालं? संपलं आता. जा, कामाला लागा."

"तुमचं संपलं," ताई म्हणाली. "ते वाक्य मॅडमच्या ऑफिसात गेलंय, आपल्या फायलीत गेलंय. तिथे ते अजून आहे. आता दुसरं वाक्य तिथे गेलं पाहिजे. ते जाईपर्यंत मी कालवणार नाही."

"अहो, ताई, ताणू नका इतकं."

"मी काय ताणतेय? टाइप करायला तुम्हाला दहा मिनिटं लागतील."

ती मिश्रण खात्यात जाऊन स्टुलावर बसली. दुसऱ्या दिवशीही आली, झगा घातला, हात धुतले आणि स्टुलावर बसली. पहिल्या दिवशी संध्याकाळी पत्राचा एक मसुदा आला: "प्रक्रियेत काही त्रुटी आढळून आल्या." तिने परत पाठवला. दुसऱ्या दिवशी दुसरा आला: "संबंधित कर्मचाऱ्याबाबत गैरसमज झाला होता." त्यावर तिने पेन्सिलने लिहिलं, "गैरसमज कोणाचा? मला तर पहिल्या दिवसापासून बरोबर समजलं होतं," आणि तोही परत पाठवला. शिपाई या फेऱ्या मारून इतका खूश झाला होता, की वाटेत प्रत्येक खात्यात थांबून तो मजकूर वाचून दाखवत होता. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी आलेलं पत्र असं होतं: "मशीनच्या जादा गतीमुळे मणी फुटले. संबंधित कर्मचाऱ्याने ही बाब तीन वेळा निदर्शनास आणली होती व तिकडे दुर्लक्ष झाले. कर्मचाऱ्याकडून कोणतीही हयगय झालेली नाही." खाली मालकांची सही होती, आणि तपासणी खात्याच्या जागी ती दोन रेघांची.

ताईने ते दोनदा वाचलं. तिला वाटलं होतं, हे हातात पडलं की आतली आग विझेल. तसं काही झालं नाही. राग होता तेवढाच राहिला. फक्त आता तो कारखान्यावर नव्हता, सगळा एकाच माणसावर होता.

घाईसाहेबांची विक्री विभागात बदली झाली. दादाचं प्रमुखपद गेलं, नोकरी राहिली. हौदावरचे खोके हलले, हौद भरला, आणि तो पुन्हा एकेक ठोकळा आकड्याला लटकवून वजन करायला लागला. नव्या मशीनच्या गतीला मेस्त्रीने कायमचा लगाम घातला. आता ते जुन्याइतकंच सावकाश फिरतं आणि सगळे त्याला बिचारं म्हणतात. ताई ठोकळे भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडे ढकलायची. पलीकडून वजनाचा आकडा ऐकू यायचा. "पाचशे वीस." "पाचशे अठरा." "पाचशे एकवीस." याशिवाय बहीणभावात शब्द नव्हता, कारखान्यात नाही आणि घरीही नाही.

नातेवाइकांनाही कळलंच. मावशीने फोन करून झापलं, "अगं, बापाच्या जागी त्याने तुला वाढवलं, आणि तू त्याला चारचौघांत खाली मान घालायला लावलीस?"

"मावशी, मला त्याने कागदावर खाली मान घालायला लावली होती. तेव्हा तुला फोन नाही सुचला?" ताईने फोन ठेवून दिला, आणि नंतर भाजी चिरताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. रागाने येतंय की कशाने, ते तिला सांगता आलं नसतं. वाईट हे होतं, की मावशी म्हणाली त्यातलं काहीही खोटं नव्हतं. तापात रात्ररात्र तिच्या उशाशी बसलेला, स्वतःचं शिक्षण सोडून तिची फी भरलेला दादा हाच. तो परका असता तर तिचा राग एव्हाना ओसरला असता.

तीन महिन्यांनी मॅडमच्या ऑफिसातून निरोप आला. नव्या ठोकळ्याचं उपकरण ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला पाण्यावर आलं होतं. शिपाई ओरडत आला, कामगारांनी टब बडवले. ताई त्या आनंदात सवयीने झरोक्याकडे वळली. "अरे दादा, ऐकलंस का," एवढं तिच्या ओठांपर्यंत आलं. झरोक्यापलीकडे तोही उभा होता, ऐकलेलं होतं त्याने. ती तशीच मागे फिरली आणि टब धुवायला लागली.

त्याच आठवड्यात तिने कारखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. चौथा मजला, एक खिडकी, नळाला पाणी बरं. घरी सांगितलं तेव्हा दादा उठून गॅलरीत गेला. वहिनी म्हणाली, "जा. रविवारी जेवायला मात्र यायचं. माझ्याकडे, यांच्याकडे नाही."

सामान फार नव्हतं. एक पलंग, पुस्तकांचे दोन खोके आणि आईचं लोखंडी कपाट. टेम्पोवाला कपाट खाली उतरवून "वर न्यायचं ठरलं नव्हतं" म्हणून निघून गेला. ताई ते कसं न्यावं म्हणून बघत उभी होती, तेवढ्यात दादा रस्त्याच्या पलीकडून आला. तो कितीतरी वेळ तिथेच उभा असावा. त्याने न विचारता कपाटाची खालची बाजू धरली. तिने क्षणभर पाहिलं आणि वरची बाजू धरली.

पहिला मजला झाला, दुसरा झाला. जिना अरुंद होता, कपाट कठड्याला घासत होतं, दादाला धाप लागली होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने कपाट टेकवलं. कपाटाच्या दोन बाजूंना दोघं, मध्ये ते लोखंड. त्याचा फक्त कपाळाचा भाग तिला दिसत होता, घामाने चमकणारा.

"चिमे," तो म्हणाला. "मी विचारायला हवं होतं गं तुला."

खालून कोणीतरी भाजीच्या पिशव्या घेऊन वर येत होतं आणि वाट मिळेल म्हणून थांबून राहिलं होतं. क्षमा करावी असं ताईला अजून वाटत नव्हतं. केली असं खोटं म्हणावं असंही वाटत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "हवं होतंस."

मग तिने आपली बाजू पुन्हा घट्ट धरली.

"उचल आता. जिना अडलाय."